झाकण उघडायचं नाही

चंद्राला सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाडी वाडीत शिरली तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो आणि ती मागे होती. आम्ही दोघं कधी गाडीनं निघालो की पुढची जागा तिची असायची, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

ती पहाटे गेली. जयराजला मी तिथूनच फोन लावला होता. जयराज आमचा एकुलता एक. फौजेत आहे, तिकडे अरुणाचलच्या डोंगरात. नेमका कुठे ते आम्हाला सांगत नाही.  तो म्हणाला, "आबा, साहेबास्नी सांगून मी निघतोच. मी येईस्तोवर थांबवा. मला तिच्या पायाला हात लावायचाय."

"ये. थांबवतो."

"आन् मोबाईलवर दाखवू नका. कोण दाखवाय लागलं तर हात धरा त्येचा. मला तसली बघायची न्हाई."

"न्हाई दाखवत. तू ये."

थांबवतो म्हणायला मला जड गेलं नाही. वाडीची पेटी माझ्याच दारात होती.

त्या पेटीचं सांगायला हवं. आमच्या भागातली पोरं फौजेत फार. बाप गेला, आई गेली की पोरगा कुठल्या तरी टोकाला असतो, आणि तो येईपर्यंत मयत ठेवायची कशी हा प्रश्न. वाडीतलाच फौजी शंभूराज, त्याचे वडील ऐन वैशाखात गेले तेव्हा तो राजस्थानात होता. आटपाडीहून बर्फाच्या लाद्या आणल्या. बर्फाचं पाणी झालं, घरभर पसरलं, उंबऱ्यावरून बाहेर आलं. शंभूराज आला तेव्हा बाप सगळा भिजलेला. ते त्याच्या मनात राहिलं. विजेवरची पेटी तालुक्याला मिळते, पण आमच्याकडे वीज कधी असेल त्याचा भरवसा नाही. रिटायर होऊन आल्यावर त्यानं इतर फौजींना गोळा केलं आणि सांगलीच्या एका कॉलेजातल्या पोरापोरींकडून ही पेटी करून घेतली.

जाड भिंतीची, पांढरी, लांबट पेटी. तिला वायर नाही, मोटर नाही. आतल्या बाजूला खाचा आहेत आणि त्या खाचांत निळ्या प्लास्टिकच्या चपट्या विटा बसतात. विटांत मिठाचं कसलं तरी पाणी भरलेलं आहे. वीज असेल तेव्हा त्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायच्या. कुणी गेलं की पेटीत लावायच्या. मग वीज असो नसो, पेटी दोन दिवस सहज गार राहते. झाकणाला काच नाही. काचेतून गारवा जातो म्हणून ठेवली नाही. बाजूला एक काट्याचं छोटं घड्याळ आहे, आत किती गार आहे ते दाखवणारं.

पेटी आली, पण ठेवायची कुठे? देवळात नको, शाळेत नको, सोसायटीच्या गोदामात तर नकोच. मेंढरं विकल्यापासून माझी मेंढरांची खोली रिकामी पडली होती. मी म्हटलं, आणा इकडे. फ्रीजरही तिथेच ठेवला. त्या दिवसापासून विटा गोठवायचं, पेटी धुवायचं, उन्हात वाळवायचं काम माझ्याकडे आलं.

कॉलेजातली प्रांजल नावाची पोरगी सगळं समजावून द्यायला आली होती. ओट्यावर बसून तिनं चंद्राला विचारलं, "मावशी, बर्फ घातलेलं पाणी उन्हात ठेवलं तर कधी तापायला लागतं?"

"बरफ सरल्यावर."

"बरोबर. खडा आहे तोवर पाणी तेवढंच गार. बाहेरून येणारी सगळी उष्णता त्या खड्याला वितळवण्यात खर्च होते. या विटांचंही तसंच आहे. वितळत असतात तोवर पेटीतला काटा हलत नाही. सगळं वितळून झालं की मग चढायला लागतो."

चंद्रा म्हणाली, "म्हंजी आत पार पाणी व्हायलंय आन् वरनं कायबी कळत न्हाई."

"हो."

"मग आमच्या ह्यांच्यावानीच हाय की पेटी." माझ्याकडं बघून ती हसली. "ही भायेर ठेवायची का घरात घ्यायची?"

ती पोरगी पोट धरून हसली. मलाही हसू आलं.

पेटीचा वाडीला उपयोग झाला. पण ज्या दारात पेटी त्या दाराशी माणसं जरा लांबूनच बोलायला लागली. पुरुष तरी कामानिमित्त यायचे. बायका थांबल्या. मेंढरांची खोली रस्त्याच्या बाजूला, आत यायचं तर तिच्यावरूनच यावं लागतं. त्या साली संक्रांतीला चंद्रानं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. घर सारवल्यासारखं लख्ख पुसलं. नवी साडी नेसून दिवस कलेपर्यंत बसून राहिली. शेजारची माया तेवढी कुंपणावरून म्हणाली, "काकी, सासूबाईचं गुडघं दुखत्यात, जमलं न्हाई." दुसऱ्या वर्षी चंद्रानं बोलावणं धाडलं, तेव्हाही तेच. तिसऱ्या वर्षी तिनं वाण आणलंच नाही. मी म्हटलं, पेटी देऊ दुसऱ्या कुणाला तरी. तर म्हणाली, "घेतंय कोण? आन् उद्या कुणाचं पोरगं लांबनं यायचं आसलं म्हंजी?"  पेटी कुणाच्या घरी जाऊन परत आली की ती पुसायची, आणि खोलीच्या कोनाड्यात दिवा लावायची.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. आम्ही सांगलीला गेलो ते तिथेच राहिलो. जाताना मी फ्रीजर चालू ठेवला होता.

गाडीतून उतरल्यावर मी घरात गेलोच नाही. तसाच त्या खोलीत गेलो. फ्रीजरचा लाल दिवा विझलेला. वाटलं, वीज गेली असेल. वीज गेलीच होती. आदल्या रात्री वादळ होऊन खांब पडले होते. पण फ्रीजर त्याआधीच बंद पडलेला होता. एकदोन दिवस आधी कडाडलं तेव्हा भिंतीवरचं बटण खाली पडलं होतं. ते नुसतं वर करायचं होतं. मायाच्या अंगणातून तो लाल दिवा दिसतो. तिनं तो विझलेला पाहिला होता. पण त्या खोलीत पाऊल कोण टाकणार?

मी एकेक वीट काढून कानाशी हलवली. काही विटा दगडासारख्या गप्प. काहींत खडा आणि पाणी दोन्ही. कडेच्या नुसत्या डुचमळत होत्या.

प्रांजल आता पुण्याला नोकरीला आहे. तिला फोन लावला. कोणासाठी तेही सांगितलं. ती म्हणाली, "आबा, पूर्ण वितळलेल्या विटा पेटीत घालू नका, त्या उलट गारवा खातील. चांगल्या गोठलेल्या वरच्या खाचांत बसवा, गार हवा खाली उतरते. पेटी सावलीत ठेवा आणि वरून काहीतरी जाड पांघरा."

"घोंगडं चालंल?"

"उत्तम. आणि आबा, झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली सगळी गार हवा पायावर सांडते. ती परत गार करायला विटा झिजतात. भरलेली पेटी असती तर मी काही म्हटलं नसतं. आता मात्र नाही."

"पोरगा येईस्तोवर टिकंल?"

"न उघडता राहिली तर उद्या दुपार कलेपर्यंत टिकेल असं वाटतं. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

जयराज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचेल असा त्याचा हिशोब होता. म्हणजे जमत होतं.

पुरुषांनी चंद्राला आंघोळ घातल्या जागेवरून उचलून पेटीत ठेवलं. तिला आंघोळ बायकांनी घातली, तेव्हा मी विटा लावत होतो. शंभूराजनं झाकण लावलं. मी दोन घोंगडी टाकली, एक माझं आणि एक तिचं. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या उन्हाळ्यात घोंगडं?"  मेंढरांमागं फिरताना आम्ही भर उन्हात पाण्याच्या भांड्याला घोंगडंच गुंडाळायचो.

घटकाभरानं माया आली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा. मागे चारपाच जणी.

"आबा, काकीला कुकू लावायचंय."

नवऱ्याच्या आधी बाई गेली की आमच्याकडे सगळ्या सवाष्णी तिला हळदीकुंकू लावायला येतात. तसं मरण येणं नशिबाचं मानतात. तिला हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात, आणि तिच्या कपाळाचं कुंकू जरासं आपल्या कपाळाला लावून घेतात. वाडीतलीच नाही, शेजारच्या वस्त्यांवरचीही बाई त्यासाठी येते. म्हणजे बायका दिवसभर येत राहणार होत्या आणि प्रत्येकीसाठी झाकण उघडावं लागणार होतं.

मी म्हटलं, "झाकण उघडायचं न्हाई."

"आवं, जरासंच. बोट लावून लगीच मागं सरतो."

"न्हाई. इटा निम्म्याच गोठल्यात. जयराज यायचाय."

"आंगूळ घालताना लावायचं न्हाई का सुचलं कुणाला?" एकजण मायावर खेकसली.

"तवा तू कुटं व्हतीस? भाकरी थापत बसलीवतीस."

"झाकणालाच लावा की गं," एक म्हातारी म्हणाली. "द्येवाच्या दाराला न्हाई का लावत?"

"म्हंजी आता पेटीला सवाष्ण म्हणायचं व्हय मामी?"

दोघी हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला. पण कुणी परत गेलं नाही. ओट्यावर, अंगणात, कुंपणाशी बसून राहिल्या. येणाऱ्यांची भर पडत गेली. मी पेटीच्या डोक्याशी खुर्ची टाकून बसलो आणि हात झाकणावर ठेवला. इतकी माणसं माझ्या घरात कित्येक वर्षांत आली नव्हती. चंद्रानं सगळ्यांना पाणी दिलं का, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

दुपार कलली तेव्हा पलूसकडून तिच्या माहेरचा टेम्पो आला. तिची भावजय बनुबाई पुढे होती, काखेत माहेरची साडी. बनुबाई उंच, आवाज मोठा. दारातच हंबरडा फोडला आणि पेटीवर पडली. मग उठली, डोळे पुसले, घोंगडी बाजूला करायला लागली.

"वैनी, राहू द्या. उघडायचं न्हाई."

तिला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनला दाजी?"

"झाकण उघडायचं न्हाई. पोराला तोंड दावायचंय. उघडलं तर गारवा जातोय."

"आन् मी काय पेटी बघाय आले व्हय पलूसवरनं? माह्यारचं लुगडं आणलंय मी. ते अंगावर घालायचं का पेटीवर? नणंद अहेव गेली माझी. रांगंनं बाया बसल्यात कुकू घ्येऊन, आन् तुमी राखणीला बसलाय? ही काय मेंढरं हायती का वो?"

"जयराज..."

"जयराज माझाबी भाचा हाय. त्येच्या आईला बिनकुकवाची ठेवली तर त्यो तुमास्नी काय म्हणंल? वाडीतल्या बायास्नी आशा टायमाला दारातनं परत लावायची?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. आवाज चढला नव्हता माझा, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ह्या बायास्नी कुकवाला बोलावून बोलावून चंद्रा थकली, वैनी. संक्रांतीला दारात बसायची. एक आली न्हाई. पेटी हाय म्हणून. आज त्याच पेटीम्होरं रांग लागलीया. आज चंद्रा घरात न्हाई, तर सगळ्या आल्यात."

 म्हातारीनं मान खाली घातली. माया करंड्याचं झाकण उघडत होती, लावत होती. बनुबाईनं बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला कवा बोलली न्हाई ती," ती म्हणाली.

"मलाबी न्हाई बोलली."

ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली. बराच वेळ हाताच्या बांगड्या चाळत राहिली. मग उठली, पदर खोचला.

"ऐका गं. एकदाच उघडायचं. परत न्हाई. पयल्यांदा मी लुगडं घालनार आन् वटी भरनार. मग रांगंनं यायचं. दारातच बोट कुकवात बुडवून ठेवायचं, पेटीपाशी येऊन करंडा धुंडायचा न्हाई. लावायचं आन् पुढं व्हायचं. आन् रडायचं ते झाकण लावल्यावर. मदी कोण रडत उभी राह्यली तर मी हात धरून भायेर काडीन, मग ती सरपंचाची बायको आसू द्या."

मी घड्याळाकडे पाहिलं. काटा होता तिथेच होता. नाही म्हणणं माझ्या हातात होतं. पण तिच्या कपाळावर वाडीचं कुंकू लागायचं तर आजच लागणार होतं. मी म्हटलं, "एकदाच."

झाकण जड आहे आणि त्याच्या बिजागऱ्या भिंतीकडच्या बाजूला आहेत. कुणीतरी ते धरून उभं राहावं लागतं. शंभूराज म्हणाला, मी धरतो. पण किती वर करायचं, कसं धरायचं ते मलाच माहीत. जितकं कमी उघडेल तितकं बरं. म्हणून मी भिंत आणि झाकण यांच्यामध्ये शिरलो आणि झाकण वर उचलून धरलं. माझ्यापुढं पांढरं झाकणच होतं. पलीकडे बनुबाईचा आवाज, बांगड्यांचा आवाज, नव्या साडीची घडी मोडल्याचा आवाज. मग पावलं. एक बाई, दुसरी, तिसरी. कुणी काही पुटपुटत होतं. एक म्हणाली, "काकी, चुकलं गं." ती माया असावी.

गार हवा झाकणाखालून निघून माझ्या पायावर येत होती. पावलांवरून, घोट्यांवरून. प्रांजलनं सांगितलं होतं तशीच सांडत होती. मला वाटलं, तिच्यातलं हे एवढंच मला पोचतंय.

"आटपा," मी म्हटलं.

"झालंच दाजी, दोघी राह्यल्यात."

झाकण लागलं आणि मग अंगणात रडणं उसळलं. बनुबाईनं स्वतः घोंगडी घातली, कडा खोचून. म्हणाली, "लय चांगली दिसतीया." मी मान हलवली.

बायका मात्र लगेच गेल्या नाहीत. कुणी चूल पेटवून चहा केला, कुणी अंगण झाडलं. माया त्या खोलीत गेली, कोनाड्यात दिवा लावून आली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जयराजचा फोन आला, आवाज तुटत होता. पावसानं रस्त्यावर दरड आली होती. जवान रस्ता मोकळा करत होते. म्हणजे सकाळी पोचायचा त्याचा हिशोब मोडला होता. "सकाळपातूर निघतोय आबा. हाय ना?"

"हाय. काटा हाय तिथंच हाय."

रात्र मी पेटीशेजारीच काढली. बनुबाई, शंभूराज होते. सकाळीही काटा हलला नव्हता. पण पेटीला कान लावला तर आधी मधूनमधून यायचा तो बर्फ तडकल्यासारखा बारीक आवाज आता येत नव्हता. शंभूराज मोटारसायकल घेऊन आटपाडीला गेला. बर्फाचा कारखाना विजेवाचून बंद. विजेची पेटी दुसऱ्या एका गावात गेलेली. तो परत आला तो अंगणात उभाच राहिला. त्याला पाणी घे म्हटलं तरी त्यानं घेतलं नाही. एका डोंगरापलीकडच्या वस्तीवर जनरेटर होता, तिथे माणूस धाडला. तो जनरेटर वादळात भिजून बंद पडला होता.

दुपार व्हायच्या आत काटा हलला. आधी मला भास वाटला. मी चष्मा पुसला. परत पाहिलं. हलला होता. पेटीतली शेवटची वीट वितळली होती. आता पुढं काटा कुणासाठी थांबणार नव्हता.

जयराजचा फोन त्यानंतर आला. दरड निघाली होती, तो खाली उतरला होता, पण विमान हुकलं होतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवसाचं. म्हणजे इथे पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

"आबा, आजून एक दिस. कसंबी करा."

मी फोन घेऊन अंगणाच्या टोकाला, बाभळीखाली गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते. उन्हानं जमीन चटका देत होती. ज्या पोरांना मी आजवर सांगितलं, ये, थांबवतो, त्यांतला प्रत्येकजण पोचला होता.

"जयराज, गड्या, आता न्हाई थांबवत. काटा चढाय लागलाय."

"बरफ आणा की."

"न्हाई मिळत. वीज न्हाई कुटंच."

 मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कुणी हिंदीत ओरडत होतं. तो कुठल्या तरी स्टँडवर उभा असणार, खांद्यावर सॅक.

"तिचं हाल झाल्यालं तुलाबी चालायचं न्हाई," मी म्हटलं. "चांगली हाय तवरच नेऊ."

"व्हय," तो म्हणाला. मग, "आबा, तुमी बघितलं का तिला?"

मला वाटलं तो दवाखान्यातलं विचारतोय. "व्हतो की मी तितंच."

"तसं न्हाई. घरी आणल्यावर. साडी नेसवल्यावर."

"न्हाई," मी म्हटलं. "मी झाकण धरलं व्हतं."



"मग न्यायच्या आदी बघा. नीट बघा. मी आल्यावर मला सांगा. म्हंजी मी बघितल्यागत व्हईल."

मी आत आलो. बनुबाईला म्हटलं, आता न्यायचं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

घोंगडी मी काढली. झाकण उघडून भिंतीला टेकवलं. आता घाई नव्हती, गारवा जाईल ही भीती नव्हती.

पहिल्यांदा मला ती ओळखू आली नाही, इतकं कुंकू होतं. कपाळ भरून, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यापर्यंत. हिरवी साडी. हनुवटीवरचं गोंदण तेवढं तिचं होतं. मी बघत राहिलो तसं बाहेरच्या गरम हवेनं तिच्या गार चेहऱ्यावर दव धरलं. बारीक बारीक थेंब, कपाळावर, ओठांच्या वर. चुलीपुढून उठून यायची तेव्हा असायचे तसे. कुंकू ओलं होऊन एका बाजूला उतरायला लागलं. मी धोतराच्या सोग्यानं ते टिपलं. परत थेंब आले. परत टिपलं.

जयराजला सांगायचं म्हणून मी एकेक गोष्ट मनात ठेवायला लागलो. डावा कान जरा दुमडलाय. केस बनुबाईनं मधून भांग पाडून विंचरलेत, ती कधी तसा भांग पाडत नसे. तोंड मिटलेलं आहे, त्रास दिसत नाही. हातात हिरव्या बांगड्या, एक पिचकलेली. पायाला हळद. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं, ते मेंढरानं तुडवल्याचं जुनं. जयराज लहान होता तेव्हाचं. त्याला हे आठवेल.

पायांना मी हात लावला. त्याच्या वतीनं. गार होते, पण कालच्याइतके गार नसावेत.

बाहेरून शंभूराज म्हणाला, "आबा, लोकं खोळंबल्यात."

"आलो," मी म्हटलं.

जयराज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. अंगावर वर्दीच होती. आधी तो माळावर गेला, जिथं तिला अग्नी दिला तिथं, राखेपाशी उकिडवा बसला. राख अजून ऊनऊन होती. मी त्याच्याशेजारी बसलो. पायांखालचे खडे तो बोटानं बाजूला करत होता.

"सांगा," तो म्हणाला.

मी सांगायला लागलो. कुंकू सांगितलं, दव सांगितलं, भांग सांगितला. मावळून अंधारायला आलं तरी सांगत होतो. नखाचं सांगितलं तेव्हा तो हसला आणि मग त्याला रडू फुटलं, लहानपणी फुटायचं तसं, खांदे हलवून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "आन् तुमी काय बोलला तिला?"

मी आठवून पाहिलं. मी काहीच बोललो नव्हतो. सगळा वेळ मी त्याच्यासाठी बघत होतो.

"बोललो थोडं," मी म्हटलं.

"काय?"

"ते ऱ्हाऊ दे."

त्यानं पुढे विचारायला नको होतं आणि त्यानं विचारलं नाही. रात्र पडायच्या आत आम्ही उठलो. वाटेनं तो पुढं चालला, मी मागं.